खापराचा पत्ता

चिनी मातीची जुनी बशी, झाकणाची निळी-पांढरी डबी, लाखकामाची पेटी अशा वस्तू 'अँटिक' म्हणून दिवाणखान्यात मांडण्याची हौस आता तारकर्ली-देवबागच्या न्याहारी निवासांपर्यंत पोहोचली आहे. हौसेला माझा विरोध नाही. विरोध आहे तो वस्तू उचलायची आणि तिचा पत्ता टाकून द्यायचा, या सवयीला. धागा थोडा लांबेल, पण किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी अवश्य वाचावा.

आधी थोडी पार्श्वभूमी. काओलिन नावाची पांढरी माती एका विशिष्ट दगडाच्या भुकटीत मिसळून सुमारे १३०० अंश सेल्सिअसला भाजली, की पाणी न शोषणारे, टिचकी मारल्यावर खणखणणारे भांडे तयार होते. चीनमधील जिंगदेझेन हे या कलेचे माहेरघर. युरोपला ही किमया अठराव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील माइसेन येथे साधली. तोपर्यंत शतकानुशतके ही भांडी जहाजांतून पश्चिमेकडे जात राहिली, आणि त्या वाटेवर आपला किनारा होता. आपल्या भाषेने तर मातीलाच त्या देशाचे नाव देऊन टाकले!

आता तारकर्लीहून दक्षिणेला, गोव्याच्या समुद्रात चला. मुरगावजवळ सुंची नावाचा बुडता खडक आहे. तेथे फुटलेल्या एका जहाजाचे अवशेष राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्या पुरातत्त्वज्ञांनी अभ्यासले. तोफा, हत्तीचे सुळे, पाणघोड्याचे दात, युरोपीय काचेच्या बाटलीचे अवशेष, मर्तबान पद्धतीच्या रांजणांची खापरे आणि चिनी भांड्यांचे तुकडे तेथे सापडले. सारे एकाच ठिकाणी. त्यावरून सतराव्या शतकाच्या आरंभीचे पोर्तुगीज व्यापारी जहाज डोळ्यांपुढे उभे राहते, ज्याच्या पोटात आफ्रिका आणि चीन शेजारी-शेजारी बसले होते.

यातला चिनी तुकडा एखाद्या हौशी पाणबुड्याने आधीच खिशात घातला असता तर? तुकडा काचेच्या कपाटात छान दिसला असता. पण पाणघोड्याचा दात त्याच्या शेजारी होता, ही गोष्ट कायमची गेली असती. आणि इतिहास त्या शेजारातच होता. तारकर्लीत आज स्कूबा शिकणाऱ्यांची संख्या मोठी आहे, म्हणून हे उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

अखंड भांडी निरुपयोगी असतात असे नव्हे. विजापूरच्या असर महालातील चिनी भांडी आज गोलघुमटाच्या आवारातील संग्रहालयात आहेत. ती कोणत्या वास्तूतून आली हे ठाऊक आहे, म्हणून आदिलशाही वैभवाविषयी ती बोलू शकतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील चिनी दालनामागे सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांचे संग्रह आहेत. त्यांच्या आधीच्या पिढ्यांतील पारशी व्यापारी अफू आणि कापूस घेऊन कँटनला जात आणि परतीच्या जहाजांतून रेशीम, चिनी भांडी आणत. सुंदर फुलदाणीमागे अफूची पेटी उभी आहे. हेही आपल्याला कळते, कारण संग्रहाचा मागमूस जपला गेला.

बाजारातल्या 'अँटिक' भांड्याला असा मागमूस बहुधा नसतो. विक्रेता तळावरची चिनी अक्षरे दाखवतो आणि मिंग काळाची शपथ घेतो. मौज अशी की, मिंग सम्राट चंगहुआ (१४६५ ते १४८७) याची मुद्रा दोनशे वर्षांनंतरच्या कांगशी काळातील कारागीरही बिनदिक्कत उमटवीत. काही वेळा फसवणुकीसाठी, पण पुष्कळदा पूर्वजांविषयीच्या आदरापोटी. तेव्हा मुद्रा म्हणजे जन्मदाखला नव्हे. उलट तळाशी रोमन लिपीत 'चायना' लिहिलेले असेल, तर भांडे बहुधा १८९० नंतरचे समजावे. त्या वर्षीच्या अमेरिकी जकात कायद्याने मालावर देशाचे नाव छापणे बंधनकारक केले.

आणि आजीची लोणच्याची बरणी? आपण तिला 'चिनी मातीची' म्हणतो, पण वर तपकिरी, खाली पांढरी अशी ती जाड बरणी बहुतेक वेळा भारतीय कारखान्यातली असते. म्हणून ती कमी मोलाची ठरत नाही. ती कोणी, कुठून आणली, तिच्यात आंबा मुरला की मीठ राहिले, हे सांगणारी माणसे अजून घरात आहेत. दलालाच्या मिंग बशीपाशी असे कोण आहे? जुने घर पाडून तेथे लॉज उभे राहते, तेव्हा माळ्यावरच्या बरण्या भंगारात किंवा दलालाकडे जातात, आणि सांगणारी माणसे गप्प होतात. मला भय आहे ते याचे.

कायद्याचे दोन शब्द. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तूंचा व्यापार परवान्याविना करता येत नाही, आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. सिंधुदुर्ग किल्ला तर राष्ट्रीय संरक्षित स्मारक आहे. तेथील खापर म्हणजे शंखशिंपला नव्हे.

सजावटीची पेटीच हवी असेल तर सावंतवाडी गाठा. तेथील चितारी लाकडावर लाखेचे रंग चढवतात आणि दशावतारी गंजिफाही रंगवतात. १२० पानांचा तो संच ज्या रंगीत पेटीत बसतो, ती पेटी कोणत्याही चिनी डबीइतकी देखणी असते. शिवाय ती घडवणाऱ्याला नाव विचारता येते.

वाळूत निळ्या नक्षीचा तुकडा दिसला तर उचलू नका. शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवून छायाचित्र घ्या, जागा व तारीख टिपा आणि राज्य पुरातत्त्व विभागाला कळवा. घरातल्या बरणीसाठी मात्र कोणालाच विचारायला नको. आज संध्याकाळी आजीजवळ बसा, ती सांगेल ते तिच्याच शब्दांत कागदावर उतरवा, आणि तो कागद घडी घालून, बरणी रिकामी असेल तर बरणीतच ठेवा.