न कमावलेले प्रेम आणि चोरीचा आळ

चुडावा हे परभणी जिल्ह्याच्या पूर्व टोकाचे रेल्वे स्थानक. तिथून पूर्णा, परभणी करत परळीच्या मार्गाला लागले की गोदाकाठचे गंगाखेड येते, संत जनाबाईंचे जन्मगाव. संत नामदेवांची नरसी आणि औंढा नागनाथ आज हिंगोलीत असले तरी १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. देवाचे प्रेम कमवावे लागते की ते आधीच दिलेले असते, या प्रश्नाचा निकाल या टापूने सुमारे सातशे वर्षांपूर्वी लावला. अंमलबजावणी तेवढी राहिली आहे.

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. कोणत्या तिथीला कोणते व्रत, कोणत्या दानाचे काय फळ, याची त्यात तपशीलवार मांडणी आहे. ज्याच्या गाठीला दमडी नाही आणि ज्याला व्रताची सवड नाही, त्याच्या नावावर या हिशेबात जमा काय होणार? त्याच युगात नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरची दासी जनी, म्हणजेच जनाबाई, दळणकांडण करत होती. परंपरा सांगते, विठ्ठल तिच्यासोबत जात्यावर बसला. तिने एखादे व्रत उजवले होते म्हणून नव्हे.

याच कथेत पुढे देव घाईत आपले पदक जनीकडे विसरतो आणि तिची वाकळ पांघरून राउळात परततो. पुजारी जनीवर चोरीचा आळ घेतात, तिला सुळावर द्यायला नेतात. दासीला हे पदक सहज मिळाले असेल, ही शक्यताच त्यांना सुचत नाही. कमाईवर चालणाऱ्या व्यवस्थेला फुकट मिळालेले प्रेम नेहमी चोरीचेच वाटते.

म्हणूनच हा प्रश्न केवळ अध्यात्माचा नाही. प्रेमाला पात्रता लागते असे ठरले की पात्रता तपासणारा दाराशी बसतोच. त्याने संत चोखोबांना पंढरपूरच्या महाद्वाराबाहेर ठेवले. तेच मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. युरोपातही पापाच्या शिक्षेतून माफी देणारी पत्रे विकली जात होती. मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये त्याविरुद्ध आवाज उठवला.

फुकट मिळते तर कष्ट आणि नीती कशाला, असे कोणी विचारील. जनीचे जाते काही थांबले नव्हते. पण ते दळण म्हणजे देवाला दिलेली किंमत नव्हती. ज्याला प्रेम मिळाले त्याचे हात आपणहून कामाला लागतात. ज्याला ते विकत घ्यायचे असते तो वाऱ्या मोजतो, नवसाची बोली वाढवतो आणि शेजाऱ्याची पात्रता काढतो.

गावोगावच्या देवस्थानांनी देणगीदारांच्या वेगळ्या रांगा आता बंद कराव्यात. भक्तांनीही देवापुढे हिशेब मांडणे सोडावे. मिळालेले घ्यावे, आणि दुसऱ्याला मिळाले तर त्याच्यावर आळ घेऊ नये.