त्याच्या केसपेपरवर काय लिहायचं?

वयात येणाऱ्या काही मुलांच्या छातीवर स्तनांसारखी वाढ होते. डॉक्टर तिला गायनेकोमॅस्टिया म्हणतात. बहुतेकांची वाढ आपोआप ओसरते. ज्यांची ओसरत नाही ती मुलं सैल शर्ट घालून, पोहायला जायचं टाळून कॉलेजची वर्षं काढतात आणि शेवटी सर्जनकडे जातात. ‘लाज वाटते, चारचौघांत शर्ट काढता येत नाही’ एवढं सांगितलं की सर्जनला अडचण कळते. ऑपरेशन होतं, मुलगा घरी जातो. तू खरंच पुरुष आहेस का, असं त्याला कुणी विचारत नाही.

त्याच ओपीडीत दुसरा एक तरुण येतो. तोही सैल शर्ट घालतो. आत छातीभोवती बाइंडर किंवा क्रेप बँडेज आवळून बांधलेलं असतं. उन्हाळ्यात त्याखालची कातडी घामोळ्यांनी सोलवटते, जिना चढताना धाप लागते, रात्री बरगड्या ठणकतात. जन्मदाखल्यावर त्याची नोंद ‘स्त्री’ अशी आहे. मागणी पहिल्या मुलासारखीच आहे, छाती सपाट हवी. पण इथे दवाखान्याची भाषाच बदलते. बाहेर जुन्या नावाचा पुकारा होतो आणि बाकांवरची माणसं माना वळवून पाहतात. आत ‘चांगला अवयव कशाला कापायचा?’ आणि ‘उद्या मूल झालं तर पाजणार कशी?’ हे प्रश्न येतात. केसपेपरवर ‘फीमेल’ लिहिलं जातं, खाट बायकांच्या वॉर्डात मिळते.

‘चांगला अवयव’ हा आक्षेप मी गंभीरपणे घेते. ऑपरेशन मोठं आहे. छाती भरलेली असेल तर दोन्ही बाजूंना लांब छेद घेतात, ग्रंथी आणि जादा त्वचा काढतात, स्तनाग्रं सुटी करून नव्या जागी बसवतात. तिथली संवेदना बहुधा पूर्वीसारखी परत येत नाही. व्रण राहतात. गेलेलं परत जोडता येत नाही, म्हणून समजावून सांगायला, विचार करायला भरपूर वेळ द्यायलाच हवा. अठरा वर्षांखालच्या मुलांचा प्रश्न वेगळा आहे. इंग्लंडमध्ये अशा मुलांच्या लिंगओळखीसंबंधीच्या उपचारांचा आढावा घेणाऱ्या २०२४ च्या कॅस अहवालानंतर त्यावर मोठा वाद झाला, आणि तिथे सावधगिरी बाळगण्याच्या बाजूने मीही आहे. इथे मी सज्ञान माणसाबद्दल बोलते आहे. अँजेलिना जोलीने २०१३ मध्ये कॅन्सर झालेला नसताना, फक्त जनुकातल्या दोषामुळे दोन्ही स्तन काढून घेतले, तेव्हा जगाने त्याला धैर्य म्हटलं. पुढचा धोका हे कारण आपल्याला पटतं. आजचा रोजचा त्रास हे कारण पटायला इतकं जड का जावं?

कायदा या बाबतीत दवाखान्यांच्या पुढे गेला. सर्वोच्च न्यायालयाने ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांवरच्या २०१४ च्या ‘नाल्सा’ निकालात सांगितलं की, माणूस स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवेल आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती करता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या नव्या यादीत, जन्माच्या वेळी नोंदलेलं लिंग आणि स्वतःची लिंगओळख न जुळणं ही अवस्था मानसिक विकारांमधून बाहेर काढली. ती यादी २०२२ पासून लागू आहे. आपल्या वैद्यकीय शिक्षणाची चाल मात्र दोन पावलं पुढे, एक मागे अशी आहे. मद्रास उच्च न्यायालयाने कान टोचल्यावर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२१ मध्ये पाठ्यपुस्तकांतला समलैंगिक आणि ट्रान्स व्यक्तींबद्दलचा अवमानकारक मजकूर टाळण्याच्या सूचना दिल्या. त्याच आयोगाच्या २०२४ च्या अभ्यासक्रमात न्यायवैद्यकाच्या धड्यात स्त्री-समलैंगिकता अनैसर्गिक लैंगिक गुन्ह्यांत जाऊन बसली. टीका झाली, काही दिवसांत तो मजकूर मागे घेतला गेला. पण जे शिकवलं जातं तेच पुढे ओपीडीत बोललं जातं.

आणि लिहिलं जातं, त्यावर पैसेही ठरतात. आरोग्य विम्याची पॉलिसी उघडून न मिळणाऱ्या खर्चांची यादी पाहा. सातव्या क्रमांकावर लिंगबदलाचे उपचार असतात, त्यात शस्त्रक्रियाही आली. आठव्यावर कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी, पण अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना त्यातून वगळलेली. म्हणजे स्तन पुन्हा घडवायला विमा आहे, काढून टाकायला नाही. २०१९ च्या ट्रान्सजेंडर हक्क कायद्याच्या कलम १५ मध्ये मात्र या खर्चासाठी विमा योजनेची तरतूद करायला सरकारला सांगितलेलं आहे.

आता दुसरी बाजू. संवेदनशीलतेच्या नावाखाली कॅन्सरच्या पोस्टरवरून ‘स्त्री’ आणि ‘स्तन’ हे शब्द काढावेत, अशी सूचना परदेशात होते. मला ती मान्य नाही. आपल्याकडे बायकांना हा शब्द उच्चारायलाच जड जातो. ‘छातीला गाठ आलीय’ असं सांगतात, तेही जाऊबाईला, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत गाठ वाढलेली असते. त्यांच्यापुढचा शब्द पुसून चालणार नाही. ज्यांना तो लागू पडत नाही त्यांच्यासाठी शेजारी आणखी एक ओळ लिहावी. आणि समोर बसलेल्या ट्रान्स पुरुषाशी ‘छाती’ म्हणूनच बोलावं. तो शब्द मराठीत घरोघरी वापरात आहे, त्यासाठी काही नवं घडवावं लागत नाही.

पण मऊ बोलायच्या नादात माहिती मोघम झाली तर त्याचं नुकसान त्यालाच होतं. छाती सपाट करताना ग्रंथी पूर्ण निघतेच असं नाही. आकार नीट यावा म्हणून, आणि स्तनाग्राखाली, थोडी ठेवली जाते. नेदरलँड्समधला २०१९ चा एक मोठा अभ्यास आहे. त्यात १,२२९ ट्रान्स पुरुषांपैकी चौघांना स्तनाचा कॅन्सर आढळला. हे प्रमाण स्त्रियांच्या तुलनेत खूपच कमी, पण इतर पुरुषांपेक्षा जास्त. ‘आता तुम्हाला काही धोका नाही’ असं प्रेमाने सांगणारा डॉक्टर चूक सांगतो. उलट ‘फीमेल’ आहे म्हणून ठरावीक वयाला मॅमोग्राफीला पाठवणाराही चुकतो, कारण उरलेली ग्रंथी इतकी थोडी असते की यंत्रात ती नीट धरताही येत नाही.

म्हणून डिस्चार्ज कार्डावर हे सगळं स्वच्छ लिहिलेलं असलं पाहिजे. हाक मारायचं नाव ठळक आणि वर. ऑपरेशन कोणत्या पद्धतीने झालं, ग्रंथी कुठे आणि किती शिल्लक आहे, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट काय आला. घरात आईला किंवा मावशीला स्तनाचा किंवा बीजाशयाचा कॅन्सर झाला होता का. कातडीखाली किंवा काखेत गाठ लागली तर दाखवायला कुठे यायचं, आणि तिथे मॅमोग्राफीऐवजी हाताने तपासणी आणि सोनोग्राफी करावी, ही पुढच्या डॉक्टरसाठी एक ओळ. हे कार्ड त्या तरुणाला घरी सोडण्याआधी त्याच्यासमोर बसून, त्याच्या शब्दांत वाचून दाखवावं.