विश्लेषण : लहान छेदातून हृदयशस्त्रक्रिया; संगणकाची ‘नजर’ किती कामाची?

सफाळ्याहून लोकलने मुंबईतील रुग्णालय गाठणाऱ्या काही हृदयरुग्णांना आता छातीचे मधले हाड न कापता शस्त्रक्रियेचा पर्याय मिळतो. त्यामुळे कामावर लवकर परतता येते. पण छेद लहान झाला की डॉक्टरांना दिसणारी जागाही कमी होते.

अडचण काय?
बरगड्यांमधून आत सोडलेला कॅमेरा पडद्यावर हृदय मोठे करून दाखवतो. मात्र रक्त आणि धुरामुळे चित्र गढूळ होते. जानेवारी २०२५ मध्ये गुरुग्राममधील डॉक्टरांनी ‘एसएसआय मंत्रा’ या भारतीय रोबोद्वारे २८६ किलोमीटरवरील जयपूरच्या रुग्णावर हृदयशस्त्रक्रिया केली. तिथे तर डॉक्टरांचे डोळे म्हणजे हे चित्रच!

संगणक काय करतो?
‘कॉम्प्युटर व्हिजन’ म्हणजे चित्रातील गोष्टी ओळखणारी प्रणाली. शस्त्रक्रियांचे व्हिडीओ पाहून ती शिकते. धूर पुसट करणे, अवजारे ओळखणे, दोन भिंगांच्या चित्रांतील फरकावरून खोली मोजणे ही तिची कामे. सीटी स्कॅनमधील धमन्यांचा नकाशा थेट चित्रावर बसवण्याचेही संशोधन सुरू आहे.

भरवसा किती ठेवायचा?
स्कॅन आधी काढलेला असतो. हृदय मात्र मिनिटाला साधारण ७० वेळा धडधडते, फुप्फुस मिटवल्यावर जागाही बदलते. हृदयाच्या धमन्या जेमतेम काही मिलिमीटर रुंद. नकाशा तेवढाच सरकला, तरी चुकीची जागा दाखवली जाईल. म्हणून अंतिम निर्णय डॉक्टरांचाच.

रुग्णाने काय विचारावे?
‘यंत्र कोणते?’ यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न : चित्र नीट दिसले नाही, तर लगेच छाती उघडण्याची तयारी आहे का?