एळारासाठी थांबलेली वाद्ये

सोयाबीनचा भाव आणि पावसाची लहर यांनी यंदाही शेतकऱ्याला पुरते छळले. त्यावर अंकात पुढे सविस्तर लेखन आहेच. या पानावर मात्र वर्षभर डाचत राहिलेली एकच गोष्ट. मोबाईलवर रोज येणाऱ्या इतिहासाच्या मजकुरात आपला राजा थोर ठरवायचा, तर त्याचा शत्रू नालायकच असावा लागतो. जयंत्या आल्या की या मजकुराला ऊत येतो आणि शाळकरी पोरेही तीच भाषा बोलू लागतात.

वाशिमकरांना तरी हे शोभत नाही. हे गाव म्हणजे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. इथल्या हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, अजिंठ्याचे १७ क्रमांकाचे लेणे रंगले. त्याच्या भिंतीवर सिंहलाची कथा आहे. हत्तीघोड्यांसह बेटावर उतरणारे सैन्य, लढाई, राज्याभिषेक, सारे तिथे आहे.

त्याच बेटावर, म्हणजे लंकेत, साधारण त्याच सुमारास ‘महावंस’ रचला जात होता. त्यात इ.स.पू. दुसऱ्या शतकातला दुट्ठगामणी राजा चोळ देशातून आलेल्या एळाराकडून बेट परत घ्यायला दक्षिणेतून निघतो. वाटेत विजितनगराचा वेढा. तीन खंदक, उंच तट, लोखंडी दरवाजा. राजाचा हत्ती कंडुल गुडघे टेकून सुळ्यांनी दरवाजाला भिडतो. वरून लालभडक लोखंडी गोळे आणि वितळलेली राळ कोसळते. पाठ पोळलेला कंडुल तळ्यात शिरतो. वैद्य राळ धुऊन औषध लावतो, पाठीवर म्हशीचे सात पदरी कातडे बांधले जाते आणि तो पुन्हा चालून जातो. दरवाजा पडतो.

पुढे अनुराधपुरापाशी एळार मारला गेला. विजेत्याच्या बाजूने लिहिणारा हा बौद्ध ग्रंथ, तरीही एळाराने ४४ वर्षे न्यायाने राज्य केले, असे तो मोकळेपणाने सांगतो. दुट्ठगामणीने इतमामाने त्याचे अंत्यसंस्कार केले, तिथे स्मारक उभारले, पूजा लावून दिली. नंतरचे राजेही तिथून जाताना वाद्ये थांबवत.

आपल्याकडेही १६५९ साली मारल्या गेलेल्या अफझलखानाची कबर प्रतापगडाच्या पायथ्याशी आहे. महाराजांनी त्याचा दफनविधी सन्मानाने करवला, असे परंपरा सांगते. ही आठवण मात्र कोणी मोबाईलवर पाठवत नाही.

तेव्हा वाचकांना एक आग्रहाची विनंती. शत्रूला नुसत्या शिव्या घालणारा ‘इतिहास’ यापुढे कोणालाही पाठवू नका. आणि या सुट्टीत मुलांना कंडुलाची गोष्ट सांगाल, तेव्हा एळारापर्यंत पुरती सांगा.