उखळाला बांधलेला कृष्ण

चीनला जाऊन आले असे सांगितले की आमच्या सोसायटीतल्या बायका एकच प्रश्न विचारतात, "मग भिंत पाहिलीत का?" नाही पाहिली. ती प्रसिद्ध भिंत उत्तरेकडे पेकिंगजवळ, आणि मी होते पार दक्षिणेच्या किनाऱ्यावर. श्रीनगर आणि मुंबई यांत जेवढे अंतर, जवळजवळ तेवढेच. मी पाहिले ते छ्वानचौ. हे नाव सांगितले की समोरच्या बाईचा चेहरा पडतो. "क्वांगचौ म्हणायचंय का तुम्हाला?" नाही हो, छ्वानचौ. आसपासचा मुलूख धरून ऐंशी लाखांवर वस्ती आहे, तरी आपल्याकडे त्याचे नाव कोणाला ठाऊक नाही. मलाही नव्हते.

आमचे चिरंजीव चार वर्षांपासून श्यामेनला असतात. जुन्या नकाशात या गावाला अमॉय म्हणत. मला मात्र श्यामेन हे नाव पहिल्यांदा ऐकले तेव्हाच आवडले होते. नावातच श्याम आहे म्हटल्यावर मुलाची काळजी थोडी कमी वाटली. चिरंजीवांचा धंदा दगडाचा. आपल्या दक्षिणेतल्या खाणींतला ग्रॅनाइट जहाजांत भरून श्यामेनच्या बंदरात उतरतो, जवळच्या श्वेइतौ गावी करवतीखाली जातो आणि त्याच्या फरश्या, ओटे होऊन जगभर पसरतो.

यंदाच्या चैत्रात मी तिकडे गेले, पण प्रवासाची हौस म्हणून नव्हे. माझ्या पर्समध्ये, रुमालात गुंडाळलेला, आमच्या देवघरातला रांगता बाळकृष्ण होता. सासूबाईंनी तो माझ्या हाती दिला तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. आता सत्तरी आली. हे जाऊन तीन वर्षे झाली, आणि गुडघे पाटावर बसू देत नाहीत. आपले हातपाय चालतात तोवर देव पुढच्या हाती द्यावा, एवढाच विचार.

सूनबाईंनी मूर्ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली, आणि म्हणाली, "आई, मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. रोजची पूजा माझ्याकडून होणार नाही. कपाटात नीट ठेवून देऊ का?"

खोटे बोलली असती तर मला रागावता तरी आले असते. "असू दे," म्हणून मी मूर्ती पुन्हा रुमालात गुंडाळली. पुढचे चार दिवस घरात फार गोड बोलणे चालले होते. ज्या घरात सासूसुना आहेत तिथल्या वाचकांना हा गोडवा समजावून सांगायला नको.

पाचव्या दिवशी चिरंजीवांना श्वेइतौला काम निघाले. त्यांनीच तोडगा काढला, "तुम्ही दोघी छोटीला घेऊन छ्वानचौ पाहून या." आगगाडीच्या तिकिटाला पासपोर्ट लागतो, आणि गाडी अशी पळते की डब्यातले पोहे काढेपर्यंत उतरायचे गाव आले!

स्टेशनातून शहरात शिरताना रस्त्याकडेला लालभडक फुलांची झाडे दिसली. मी टॅक्सीतच ओरडले, "अगं, हा तर पांगारा!" कोकणात माझ्या माहेरच्या कुंपणाला हाच. मग कळले की हे झाड या शहराचे मानाचे झाड आहे. हजार वर्षांपूर्वी गावाभोवती पांगारे लावले होते, त्यांच्या चिनी नावावरून अरब खलाशी या बंदराला झैतून म्हणू लागले, आणि त्याच नावाने मार्को पोलोने तेराव्या शतकात ते जगाला सांगितले. मिऱ्यांचे एक जहाज अलेक्झांड्रियाला जात असेल तर इथे शंभर येतात, असा त्याचा हिशेब. दिल्लीच्या महंमद तुघलकाचा वकील म्हणून निघालेला इब्न बतूता आपल्या दौलताबादेवरून, पुढे कालिकतवरून, याच बंदरात आला होता. युनेस्कोने २०२१ साली शहरातली बावीस ठिकाणे जागतिक वारशाच्या यादीत घातली, त्यामुळे आता चिनी प्रवाशांची झुंबड असते. परदेशी माणूस मात्र क्वचितच. माझी नऊवारी पाहून दोन मुलींनी माझ्याबरोबर फोटो काढले. काय समजून, देव जाणे.

शहरात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. इ. स. १००९ ची दगडी मशीद आहे, आणि तिच्यापासून हाकेच्या अंतरावर क्वान यू या वीरपुरुषाचे देऊळ, उदबत्त्यांच्या धुराने भरलेले. पण आमचा बहुतेक दिवस गेला तो खाय-य्वान मंदिरात.

हे बौद्ध मंदिर ६८६ सालचे. त्याची कथा मला आपल्याकडची वाटली. एका श्रीमंत माणसाची तुतीची बाग होती. भिक्षूने देवळासाठी ती मागितली. नाही कसे म्हणायचे म्हणून मालक म्हणाला, "माझ्या तुतीला कमळे येतील तेव्हा नेा जमीन," आणि पुढे तुतीला पांढरी कमळे आली. ती म्हातारी तुती अजून दाखवतात. विजेने तिचे तीन भाग केले आहेत, त्यांना दगडी टेकू दिले आहेत, आणि चैत्रात तिला कोवळी पाने फुटलेली होती. अंगणाच्या दोन बाजूंना दोन दगडी मनोरे, एक अठ्ठेचाळीस मीटर उंच, दुसरा चव्वेचाळीस. तेराव्या शतकात बांधलेले हे मनोरे १६०४ च्या मोठ्या भूकंपातूनही उभे राहिले. पश्चिमेच्या मनोऱ्यावर तलवार घेतलेला एक वानर कोरला आहे. छोटी म्हणाली, "मारुती!" चिनी मुले त्याला सुन वूखुंग म्हणतात, शाळेच्या इतिहासात आपण ज्याला ह्युएन त्संग म्हणतो त्या भिक्षूबरोबर कादंबरीत निघालेला तो वानर. पण कादंबरी सोळाव्या शतकातली आणि मनोरा १२३७ चा, म्हणून काही विद्वानांना इथे मारुतीचा वास येतो. छोटीने विद्वानांची वाट पाहिली नाही. हात जोडून मोकळी झाली.

मुख्य दालनाला शंभर खांबांचे दालन म्हणतात. प्रत्यक्षात खांब शहाऐंशी. मूर्तींसाठी मोकळी जागा हवी म्हणून काही गाळले, नाव मात्र शंभराचेच ठेवले. मी खांब मोजत मागच्या ओसरीवर आले, तेव्हा सूनबाई एका खांबापाशी उभी होती.

"आई, इकडे या जरा. हे उखळ आहे का?"

सोळा पैलूंचा, हिरवट करड्या दगडाचा खांब. त्यावर पुरीएवढ्या गोलात चित्रे कोरलेली. एका गोलात दोन झाडे, आणि त्यांच्यामध्ये एक गुटगुटीत मूल. यमलार्जुन! यशोदेने उखळाला बांधून ठेवला, तर हा पठ्ठ्या उखळासकट रांगत दोन झाडांमधून गेला आणि झाडे उपटून मोकळा झाला, तीच गोष्ट. बाकीच्या गोलांत शोधले तर कालियामर्दन आहे, गोपींची वस्त्रे पळवून झाडावर बसलेला आहे, नरसिंह आहे, गजेंद्रमोक्ष आहे. चिनी बुद्धाच्या पाठीशी, उन्हात आमचे सगळे गोकुळ!

मी काही बोलायच्या आत सूनबाई खाली बसली आणि छोटीला गोष्ट सांगू लागली. सगळी सांगितली. लोणी चोरण्यापासून दावे दोन बोटे कमी पडण्यापर्यंत. मला वाटत होते, हिला काही येत नाही. लहानपणी तिने या गोष्टी कुठे वाचल्या, कोणी सांगितल्या, मी कधी विचारलेच नव्हते. विचारायचे ते मी एकच विचारले होते, पूजा करशील का म्हणून.

हे खांब इथे कसे आले ते वस्तुसंग्रहालयात थोडे उलगडले. तामिळ व्यापाऱ्यांनी या शहरात शंकराचे देऊळ बांधले होते. १९५६ साली सापडलेल्या तामिळ शिलालेखात त्याची नोंद आहे, आणि शेवटी एक ओळ चिनीत. त्यावरचा काळ वाचून मी चमकले. शके १२०३, महिना चित्तिरै. म्हणजे आपला चैत्रच म्हणा. इसवी सन १२८१. माझ्या स्वयंपाकघरातल्या पंचांगात जे शके छापतात तेच शके हे लोक इतक्या दूर मोजत होते, आणि मीही नेमकी चैत्रातच येऊन पोचले होते. पुढे चौदाव्या शतकाच्या मध्यास शहरात दहा वर्षे बंडाळी माजली, परदेशी व्यापारी पांगले, देवळे पडली. मिंग राजवटीत बौद्ध मंदिराची दुरुस्ती निघाली तेव्हा चांगले कोरीव खांब दिसले, ते लावून टाकले. संग्रहालयात पिंडीला सोंडेने फूल वाहणारा हत्ती आहे, पिंडीवर दूध सोडणारी गाय आहे. दगड इथलाच, आणि कोरणारे हातही बहुधा इथलेच. व्यापाऱ्याने गोष्ट सांगितली असेल, आणि ज्याने आयुष्यात हत्तीही पाहिला नसेल अशा पाथरवटाने छिन्नी चालवली असेल. आज दगड आपल्याकडून तिकडे जातो, आणि त्याचे ओटे होतात. चिरंजीवांना मी हे संध्याकाळी सांगितले, तर म्हणाले, "ओट्याला भाव चांगला आहे."

दुपारी पोटाची पंचाईत. हे गाव कालवांचे! ऑम्लेटात कालवे, घावनात कालवे, आणि समुद्रकाठच्या किड्यांची थंडगार जेलीसुद्धा मोठ्या हौसेने खातात. शाकाहाराचे एक चिनी अक्षर मी हातावर लिहून घेतले होते, ते दाखवत हिंडले. शेवटी मिळाले शेंगदाण्याचे सूप. पांढरेशुभ्र, दाणे तोंडात विरघळतील असे शिजलेले, आणि गोड. आपली उपासाची आमटी पाहुणी म्हणून आली आणि तिने मिरची सोडून साखर धरली, असे समजा. मी दोन वाट्या घेतल्या. पैसे नोटांनी कोणी घेत नाही. सूनबाईने मोबाइल दाखवला की काम झाले.

परतायला वेळ होता, म्हणून शहराबाहेरच्या चेदियान नावाच्या खेड्यात गेलो. तिथे एक लहानसे देऊळ आहे, आपल्या गावच्या मरीआईच्या देवळाएवढे. आत चार हातांची देवी, मांडी घालून बसलेली. पायाशी दैत्य, दोन्ही बाजूंना सेविका. उदबत्त्या, संत्री, तांबडे दिवे. माझ्याएवढीच एक म्हातारी फळे मांडत होती.

छोटी तिकडच्या शाळेत जाते, तिला चिनी येते. पण आजीबाई फक्त गावची बोली बोलत. म्हणून मी मराठीत विचारले, छोटीने शाळेच्या चिनीत, दारातल्या एका मुलाने बोलीत, आणि उत्तर त्याच वाटेने परत आले. "देवी कोणती?"

"क्वान-यिन."

क्वान-यिन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. आपल्याकडून गेला तेव्हा पुरुष, चीनने त्याची आई करून टाकली. पण ही क्वान-यिन नव्हतीच. ही पडक्या हिंदू देवळातून आलेली आमच्याकडचीच कोणी देवी, अभ्यासकही तसेच सांगतात. मूळ देऊळ पाचेकशे वर्षांपूर्वी पडले, तेव्हा गावकऱ्यांनी ढिगाऱ्यातून तिला शोधून काढले आणि नवे देऊळ बांधले, असे गावात सांगतात. नाव हरवले, पण फळे चुकली नाहीत.

हे सांगावे म्हणून मी तोंड उघडले होते. तिघांच्या तोंडून जाऊन ते आजीबाईंपर्यंत कसे पोचले असते कोण जाणे! तेवढ्यात तिने माझ्या हातात तीन उदबत्त्या ठेवल्या आणि माझ्या पर्सकडे बोट दाखवून काही विचारले. वाटेवर ते दोनदा वळून आले: "एवढी छातीशी धरलीय, त्यात काय आहे?"

मी रुमाल सोडला. तिने बाळकृष्णाकडे पाहिले, हसली, आणि देवीपुढचे एक संत्रे उचलून त्याच्यासमोर ठेवले. कोण, कुठला, काही नाही. मूल दिसले, खायला दिले.

आगगाडीत आम्ही दोघी फारशा बोललो नाही. श्यामेन आले तेव्हा सूनबाईने हात पुढे केला, "आणा तो इकडे. पूजेचं काही कबूल करत नाही हं, आई." घरी गेल्यावर तिने त्याला ओट्यावर, चहाच्या डब्याशेजारी ठेवले. ओटा काळ्या ग्रॅनाइटचा. सोवळेओवळे सगळे मी गिळले. गिळायला जड गेले, हे लपवून काय करू?

श्रावणात, गोकुळाष्टमीला, मोबाइलवर फोटो आला. ओट्यावर बाळकृष्ण, पुढे वाटीत शेंगदाण्याचे गोड सूप, आणि बाजारात मिळालेले कसलेसे तांबडे फूल. फक्त त्याचे तोंड भिंतीकडे झाले होते. सांगावे म्हणून मी फोन उचलला. पलीकडून छोटीच बोलली, "आजी, तो आज पळून जात होता, म्हणून आईने त्याला डब्याला बांधलाय. दिसला का दोरा?"

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. दोरा होता.