वॉव-वॉव बेस आणि तयार निबंध

नववीला ध्वनीचा पाठ चालू होता. वारंवारिता म्हणजे काय, असं विचारलं की पोरं व्याख्या घडाघडा म्हणतात : एका सेकंदात होणाऱ्या कंपनांची संख्या. मी पुढचा प्रश्न टाकला, “मग सेकंदाला सातच कंपनं झाली, तर आवाज ऐकू येईल का?” वर्ग गप्प. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून उत्तर आलं, “सर, सात नाही ऐकू येणार. पण सातनं दुसऱ्या आवाजाला हलवता येतं. वॉबल तसाच बनतो.”

वर्ग हसला. मी मात्र हसू शकलो नाही. कारण आठच दिवसांपूर्वी याच मुलाचे वडील शाळेत येऊन मला म्हणाले होते, “सर, याच्या डोक्यातलं ते डीजेचं खूळ तेवढं काढा.” आणि मी मान डोलावली होती. एवढंच नाही, तर मधल्या सुट्टीत त्याला बोलावून चार शब्दही सुनावले होते. मी चुकलो होतो. पूर्ण नाही, पण बऱ्यापैकी. कुठे चुकलो आणि कुठे नाही, तेच आज शिक्षक मित्रांना आणि पालकांना सांगायचं आहे.

आधी वडिलांची बाजू. ती खोटी नाही. आपल्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात अजून नगरच येतं) मिरवणूक, वरात, जयंती म्हटलं की स्पीकरची भिंत आलीच. खिडकीच्या काचा थरथरतात, म्हाताऱ्या माणसांच्या छातीत धडधडतं. मुलगा ‘डीजे, डीजे’ करायला लागला की आई-बापाच्या डोळ्यांसमोर हेच चित्र येतं. पण हा मुलगा घरी मोठा आवाज करतच नव्हता. तो कानाला हेडफोन लावून, संगणकावर एकेक आवाज बनवत बसला होता. आवाज वाढवणं वेगळं आणि आवाज घडवणं वेगळं. आपण दोन्हीला एकाच नावानं हाक मारतो, तिथेच घोळ होतो.

वॉबल म्हणजे नेमकं काय?

वर्गात करून बघा. मुलांना एकाच सुरात, सूर न हलवता, म्हणायला सांगा : ऊ-आ-ऊ-आ-ऊ-आ. गळ्यातला सूर तोच राहतो, तरी आवाज बदलतो. का? कारण ओठ मिटत आले की आवाजातला वरचा, झणझणीत भाग अडतो. तोंड उघडलं की तो बाहेर पडतो. गळा आवाज तयार करतो आणि तोंड त्याला चाळून बाहेर सोडतं.

संगणकावरचा सिंथेसायझर हेच करतो. त्यात ऑसिलेटर नावाचा भाग असतो, तो गळा. तो सेकंदाला समजा ५० कंपनांचा जाड, खरखरीत सूर काढतो. पुढे असतो फिल्टर, ते तोंड. हा फिल्टर खालच्या वारंवारिता जाऊ देतो आणि वरच्या अडवतो. आता तोंड उघडायला-मिटायला कुणीतरी हवं ना? ते काम एलएफओ करतो. एलएफओ म्हणजे अगदी मंद गतीनं वर-खाली होणारी लहर. ती स्वतः ऐकू येत नाही, कारण माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो आणि ही लहर त्याच्या खाली असते. पण ती फिल्टरला उघडते, मिटते, उघडते, मिटते. तोच तो वॉव-वॉव-वॉव.

आता त्या मुलाचे सात कुठून आले ते पाहू. दक्षिण लंडनमध्ये २००० नंतरच्या दशकात डबस्टेप नावाचं संगीत वाढलं, त्यानं हा बेस जगभर नेला. त्याची लय साधारण मिनिटाला १४० ठोक्यांची असते. एका ठोक्यात तीन वॉव बसवायचे, तर १४० गुणिले ३ भागिले ६०, बरोबर ७. एका ठोक्यात दोन बसवले तर ४.६७, चार बसवले तर ९.३३. या मुलाला गणितात काठावर गुण. पण हा हिशेब तो बोटांवर करत होता, कारण चुकला तर वॉव ठोक्यावर पडत नाही आणि ते लगेच कानाला कळतं. आमच्या लाल शाईपेक्षा हा कान जास्त कडक परीक्षक निघाला.

तयार आवाज आणि तयार निबंध

आता मी कुठे चुकलो नव्हतो, ते सांगतो. दुसऱ्या दिवशी त्यानं आपलं काम ऐकवलं. पाच ट्रॅक, पाचही सारखेच. मी विचारलं, “हा आवाज तू बनवलास?” तो खाली बघत म्हणाला, “प्रीसेट आहे, सर. डाऊनलोड केला.”

प्रीसेट म्हणजे दुसऱ्यानं सगळी बटणं लावून ठेवलेला तयार आवाज. निवडायचा आणि सूर दाबायचा. मला एकदम आमच्या मराठीच्या वह्या आठवल्या. ‘माझा आवडता ऋतू’ : चाळीस वह्या आणि चाळीस वह्यांत तोच पाऊस, तोच मोर, तोच मातीचा सुगंध. मोर न पाहिलेल्या पोराच्या वहीतही मोर नाचतोय! गाईडमधला निबंध आणि डाऊनलोड केलेला प्रीसेट ही सख्खी भावंडं. दोन्हीत चूक काही नसते, फक्त मूल कुठे नसतं.

नमुना पाहूच नये असं मी म्हणत नाही. आपणही नमुना निबंध देतोच. पण नमुना उघडून बघायचा असतो, उतरवून काढायचा नसतो. म्हणून मी त्याला एकच अट घातली : प्रीसेट घे, पण एका वेळी एकच बटण हलव, ऐक, आणि काय बदललं ते वहीत मराठीत लिही. पंधरा दिवसांनी वही आली. शुद्धलेखन विचारू नका, पण निरीक्षणं अशी होती की प्रात्यक्षिकाच्या वहीत मला ती क्वचित दिसतात.

पहिलं, गती. सगळीकडे एकच गती ठेवली तर कान कंटाळतो. त्यानं पहिल्या ठोक्याला दोन वॉव ठेवले, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला चार, आणि चौथ्याला फिल्टर नुसता उघडा सोडला. दुसरं, लहरीचा आकार. गोलसर लहर दिली की तोंड हळूच उघडतं-मिटतं. चौकोनी दिली की दार आपटल्यासारखं उघड-बंद होतं. करवतीच्या दातासारखी दिली की एकदम उघडतं आणि सावकाश मिटतं. तिसरं, लहर कशाला जोडायची. ती फिल्टरलाच जोडली पाहिजे असं नाही. मूळ सुराचा पोत बदलायला जोडली तर आवाज गुरगुरतो. स्वरांसारखे आवाज काढणाऱ्या फिल्टरला जोडली, तर बेस चक्क ‘आ-ई-आ-ई’ म्हणतो. त्यानं वहीत लिहिलं होतं : “बेसची बाराखडी”. याला मी पूर्ण गुण दिले.

चौथं त्याला चुकतमाकत सापडलं. मोबाइलवर वाजवलं की बेस गायब, आणि मोठ्या स्पीकरवर नुसता गढूळ. कारण मोबाइलचा चिमुकला स्पीकर ५० हर्ट्झ धड काढूच शकत नाही. मग त्यानं दोन थर केले. खाली साधा, न हलणारा खोल सूर आणि वर खरखरीत, डुलणारा थर, ज्यातली खालची वारंवारिता छाटलेली. खालचा सूर ऐकू आला नाही तरी वरच्या थरातले १००, १५०, २०० हर्ट्झ ऐकून मेंदू ५०चा सूर मनानंच भरून काढतो. हे मी त्याला शिकवलं नव्हतं. खरं सांगायचं तर कारण शोधायला मलाच त्या रात्री वाचत बसावं लागलं.

हे आपल्याला परकं नाही

कुणी म्हणेल, हे सगळं विलायती. तसं नाही. जिल्ह्यात सप्ताह न होणारं गाव शोधून सापडायचं नाही, आणि सप्ताहात पखवाज असतोच. पखवाजाच्या धुमेला कणीक का लावतात, हे किती मुलांना आपण विचारलंय? कणकेनं पडदा जड होतो, कंपनं कमी होतात, सूर खाली उतरतो. तबल्याच्या डग्ग्यावर तळहाताचा दाब देऊन वादक तो घुमारा वर चढवतो, खाली आणतो. तिथे सूर हलतो, वॉबलमध्ये मुख्यतः पोत हलतो, हा फरक आहे. पण खालच्या आवाजाला जिवंत ठेवायचं तर तो हलता पाहिजे, हे आपल्या वादकांना वीज येण्याआधीपासून ठाऊक होतं.

यंत्राचीही गोष्ट आहे. मुंबईत हिंदी चित्रपटांसाठी वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली सिंथेसायझरवर दहा राग वाजवून एक रेकॉर्ड काढली. त्यात त्यांनी रोलँड कंपनीचं टीबी-३०३ हे बेस काढणारं छोटं यंत्र वापरलं. कंपनीनं ते बनवलं होतं बेस गिटारवाला नसेल तेव्हा त्याची जागा भरायला. या माणसानं त्यावर राग वाजवले. तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. २०१० मध्ये ती रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे लोक चकित झाले. यंत्राबरोबर आलेली वापरायची पद्धत त्यांनी निमूट उचलली नाही, एवढंच मुलांना सांगायचं.

मग आवाजाच्या पातळीचं काय?

इथे मी वडिलांच्या बाजूचा आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. शाळा-दवाखान्यांभोवतीचा किमान १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. सणासुदीला सरकार देऊ शकतं ती मोजक्या दिवसांची सवलत सोडली, तर रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. हे मुलांना पाठ नको, समजलेलं हवं. नायोश या अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस आहे की ८५ डेसिबल आवाज दिवसात आठ तासांपर्यंत चालेल, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा. १०० डेसिबलला किती वेळ उरला, हे फळ्यावर काढायला लावा. उत्तर येतं पंधरा मिनिटं. वरातीपुढे पोरं किती वेळ नाचतात, ते त्यांनाच विचारा. आमच्या वर्गात या गणितानंतर जी शांतता पसरली, ती दटावून कधी पसरली नव्हती.

माझं म्हणणं असं की ज्याला आवाज घडवता येतो, त्याला तो उगाच वाढवायची गरज कमी पडते. बेसमध्ये बदल नसला की दणका वाढवावा लागतो. निबंधात सांगायला काही नसलं की सुभाषितं वाढवावी लागतात, तसंच.

पालकांना तीन गोष्टी सुचवतो. मोबाइल हिसकावण्याआधी एकदा शेजारी बसून ऐका, आणि “हा आवाज कसा बनवलास?” एवढंच विचारा. सांगता आलं तर तो शिकतोय, नाही आलं तर नुसता उचलतोय. हेडफोनचा आवाज निम्म्यावर आणि झोपेची वेळ ठरलेली, यात तडजोड नको. आणि महागडी सॉफ्टवेअर घेऊन देऊ नका. एलएमएमएस आणि सर्ज मोफत आहेत, व्हायटलची साधी आवृत्तीही मोफत मिळते. शिक्षकांना एकच सांगतो : ध्वनीच्या पाठाला एक तास संगणक कक्षात न्या. आपल्याला सगळं येत नसेल तर बिघडत नाही. मलाही येत नव्हतं.

तो मुलगा पुढे संगीतकार होईल की नाही, मला माहीत नाही. बहुतेक नाही होणार. पण परवा ‘माझा आवडता आवाज’ या विषयावर निबंध दिला होता. त्यानं पखवाजावर लिहिलं. ओली कणीक थापताना वादक बोटानं वाजवून वाजवून ऐकत राहतो, पुरती बसली की नाही ते बघतो, असं त्यात होतं. हे वाक्य कुठल्याही गाईडमध्ये नाही. मी शोधून पाहिलं.