इथ१ कुठे गेला?

आमच्या मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत बरीच वर्षं एक जुना संगणक कोपऱ्यात ठेवलेला होता. त्याला मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही. मागे दोन लॅन कार्डं. एकात बाहेरून आलेली इंटरनेटची तार, दुसऱ्यातून मुलांच्या आठ संगणकांकडे जाणारी. तो लिनक्सवर चालायचा. बाहेरचं नेट आत वाटायचं आणि नको त्या साइट अडवायच्या, एवढंच त्याचं काम. आम्ही त्याला ‘दरबान’ म्हणायचो.

एका पावसाळी रात्री वीज कडाडली आणि आतल्या बाजूचं कार्ड गेलं. दुसऱ्या दिवशी त्याच बनावटीचं कार्ड आणलं आणि त्याच स्लॉटमध्ये बसवलं. दिवा लागला, पण आत नेट येईना. नेमकी त्या वेळी बारावी झालेली एक मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसली होती.

“चाचा, आज शेवटची तारीख आहे. रात्री बारापर्यंतच घेणार आहेत.”

तिचे अब्बू रिक्षा बाहेर लावून दारात उभे होते. आम्ही तार बदलली, स्विच बदलला, कार्ड काढून पुन्हा बसवलं. दुकानदाराला फोनवर दोन शब्द ऐकवले, ते नंतर परत घ्यावे लागले. शेवटी दरबानाला मॉनिटर जोडला तेव्हा उलगडा झाला. नवं कार्ड ठणठणीत होतं. फक्त त्याचं नाव इथ१ नव्हतं, इथ२ होतं. आणि आमच्या साऱ्या सूचना इथ१च्या नावाने लिहिलेल्या!

लिनक्समध्ये फार पूर्वी सरळ हिशेब होता. संगणक सुरू होताना जे कार्ड आधी सापडेल ते इथ०, त्यानंतरचं इथ१. नमाजच्या सफेत जो आधी आला तो पुढे उभा राहतो, तसंच. पण आज पुढे असलेला माणूस उद्याही तिथेच असेल असं नाही. कधी कधी संगणक बंद करून चालू केला की दोन कार्डांची नावं अदलाबदल व्हायची. दरबानासारख्या यंत्रात याचा अर्थ आतलं दार बाहेर आणि बाहेरचं आत. म्हणजे अडवायचं ते मोकळं आणि मोकळं ठेवायचं ते बंद.

म्हणून पुढे नाव कार्डाच्या मॅक पत्त्याशी बांधलं गेलं. हा पत्ता कारखान्यातच कार्डात घातलेला असतो. तो ४८ बिटांचा, म्हणजे लिहायला १२ अक्षरांचा. त्यातली पहिली सहा साधारणपणे बनवणाऱ्या कंपनीची. आमचा दरबान याच पद्धतीचा होता. त्याने एका फाइलमध्ये नोंद करून ठेवली होती, की अमुक मॅकवाला तो इथ१. ते कार्ड जळालं, नोंद राहिली. नवं कार्ड दिसायला जुळं भाऊ असलं तरी मॅक वेगळा. त्याला अनोळखी समजून पुढचा रिकामा नंबर मिळाला.

जुनी ओळ खोडली, नव्या मॅकपुढे इथ१ लिहिलं आणि संगणक पुन्हा चालू केला. मुलीचा अर्ज सव्वादहाला गेला, अल्हमदुलिल्लाह.

२०१३पासून लिनक्समध्ये सिस्टमडीने आणखी एक रीत आणली. आता नाव जागेवरून पडतं. एनपी३एस० दिसलं की समजावं, तिसऱ्या पीसीआय बसवरचं शून्य क्रमांकाच्या स्लॉटमधलं कार्ड. नावं उच्चारायला कठीण आहेत खरी, पण त्याच जागी दुसरं कार्ड लावलं तर नाव तेच राहतं. ही रीत तेव्हा असती तर ती संध्याकाळ आमची वाचली असती. मात्र मदरबोर्डवर आणखी एखादं कार्ड वाढवलं तर हे आकडेही सरकू शकतात, म्हणून पेटी उघडली की नावं तपासावीत.

घरच्या विंडोजवाल्या संगणकात अडचण वेगळी असते. राउटरची तार लावलेली असते, ब्रॉडबँड बंद पडतं, मग भाईजान फोनचा हॉटस्पॉट चालू करून वाय-फाय जोडतात. तरी पान उघडत नाही. विंडोज प्रत्येक जोडणीला मेट्रिक नावाचा आकडा देतं. ज्याचा आकडा लहान, त्याचा रस्ता आधी. हा आकडा सहसा जोडणीच्या वेगावरून ठरतो, त्यामुळे तार बहुधा वाय-फायच्या पुढे असते. राउटरपर्यंतची तार शाबूत आहे, मग पुढे नेट मेलेलं का असेना, संगणक तिकडेच धावतो. सोपा उपाय म्हणजे तार उपसावी. नेहमीच असं होत असेल तर त्या जोडणीच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपी आवृत्ती ४ निवडून अॅडव्हान्स्डमध्ये जावं, ‘ऑटोमॅटिक मेट्रिक’ची खूण काढावी आणि हवा तो आकडा लिहावा.

मुलांच्या फोनची वेळ राउटरवर मॅकने बांधणाऱ्या अम्मी-अब्बूंना एक सांगायचं आहे. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४पासून फोन वाय-फायला आपला खरा मॅक न सांगता बनवलेला सांगू शकतो. घरच्या वाय-फायपुरती ती सोय फोनमध्ये बंद करावी, नाहीतर तुम्ही अडवलेला पत्ता एक आणि फोन दाखवतो तो दुसरा.

दरबान आता निवृत्त झाला. त्याच्या जागी आलेल्या संगणकाच्या मागे आम्ही पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या आहेत. एकीवर ‘आत’, एकीवर ‘बाहेर’, आणि खाली त्या त्या कार्डाच्या मॅकची शेवटची चार अक्षरं.